सिंधुदुर्ग आणि गोवा: मालमत्तेचे हस्तांतरण, मृत्युपत्र, वारसा आणि विवाहपूर्व करार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्र-गोवा सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की जमिनीचा उतारा बदलतो, वारसाहक्काचा कायदा बदलतो आणि लग्नाचा मालमत्तेवर होणारा परिणामही बदलतो. सोयरिकी मात्र दोन्ही बाजूंना सारख्याच चालतात. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याची मुलगी पेडण्यात किंवा डिचोलीत दिली जाते, गोव्यातले कुटुंब मुंबईत फ्लॅट घेते, आणि पुढच्या पिढीत कागद कुणाच्या नावावर करायचे हा प्रश्न उभा राहतो. अशा कुटुंबांकडून आमच्या कार्यालयात सतत विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे खाली दिली आहेत. ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. आपल्या प्रकरणातील मूळ कागद वकिलाने पाहिल्याशिवाय तिच्या आधारे कोणताही दस्त करू नये.

आमचे घर सावंतवाडीत आहे आणि आईच्या माहेरची जागा पेडण्यात. दोन्हींना एकच कायदा लागू होतो का?

नाही. महाराष्ट्रात हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख व्यक्तींच्या वारशाला हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू होतो. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तींना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, तर मुस्लिम व्यक्तींना त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो. गोव्यात धर्मानुसार अशी विभागणी नाही. तेथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली, आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या केंद्रीय कायद्याने ती चालू ठेवली. वारसा, विशेष नोटरी (मृत्युपत्र, वारसांची घोषणा असे दस्त करणारा गोव्यातील अधिकारी) आणि इन्व्हेंटरी (मयताच्या मालमत्तेच्या वाटपाची न्यायालयीन कार्यवाही) या विषयांवरील तिच्या तरतुदींची जागा आता गोवा विधानसभेच्या २०१२ च्या कायद्याने घेतली असून तो २०१६ पासून अमलात आहे. लग्नामुळे मालमत्तेवर काय परिणाम होतो, हे मात्र आजही मूळ संहितेतील तरतुदींवरूनच ठरते.

येथे एक निकाल ठळकपणे सांगावा लागतो. मूळ गोव्यात अधिवास असलेल्या एका व्यक्तीची मुंबईत मालमत्ता होती, आणि तिच्या वारशाला कोणता कायदा लागू करायचा असा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १३ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायालयाने सांगितले की गोव्यात अधिवास असलेल्या व्यक्तीच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागू होईल, मग तिची मालमत्ता भारतात कुठेही असो. त्यामुळे ‘फ्लॅट दादरला आहे, मग मुंबईचा कायदा’ हे गणित गोवेकर कुटुंबाला चालत नाही. नोंदी कोणत्या कार्यालयात बदलायच्या हे जागेवरून ठरते. त्या कुणाच्या नावे आणि किती हिश्श्याने व्हायच्या हे मयत व्यक्तीला लागू असलेल्या कायद्यावरून ठरते. हे दोन प्रश्न सुरुवातीलाच वेगळे केले तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

वडील मृत्युपत्र न करता वारले. सिंधुदुर्गातील जमिनीत कुणाचा किती हिस्सा?

जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असेल आणि ते हिंदू असतील, तर पहिल्या वर्गातील सर्व वारसांना समान हिस्सा मिळतो. या वर्गात पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई येते. समजा, मागे पत्नी, आई, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी आहे. अशा वेळी प्रत्येकाचा हिस्सा एक पंचमांश होतो. मयताचे वडील हयात असले तरी ते या वर्गात येत नाहीत, आणि याचे अनेकांना आश्चर्य वाटते. आधी वारलेल्या मुलाचा हिस्सा त्याच्या पत्नी-मुलांकडे जातो. जमीन वडिलोपार्जित असेल तर आधी एकत्र कुटुंबाची काल्पनिक वाटणी धरून वडिलांचा हिस्सा काढावा लागतो आणि फक्त तेवढाच वारसांमध्ये विभागला जातो, म्हणून जुने फेरफार पाहिल्याशिवाय आकडा सांगता येत नाही.

आई वारली असेल तर नियम वेगळा आहे. हिंदू स्त्रीची मालमत्ता प्रथम मुले आणि पती यांच्याकडे जाते. मूलबाळ नसलेली विधवा वारल्यास तिची स्वतःच्या कमाईची मालमत्ताही आधी पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर येतो. माहेरच्या वारशाने आलेली मालमत्ता मात्र अशा वेळी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. नोकरी करून मुंबईत स्वतःच्या पैशाने घर घेतलेल्या, मूलबाळ नसलेल्या बाईंनी हा परिच्छेद दोनदा वाचावा आणि मृत्युपत्र करावे.

सातबाऱ्यावर वारसांची नावे लावण्याची प्रक्रिया काय आहे?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवायचे असते. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे व नाती सांगणारे प्रतिज्ञापत्र आणि ओळखीचे पुरावे द्यावे लागतात. ई-हक्क प्रणालीवरूनही हा अर्ज करता येतो. त्यानंतर वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ क मध्ये, नोंद होते, फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. शहरातील मिळकतीसाठी हेच काम मिळकत पत्रिकेवर नगर भूमापन कार्यालयात होते, तर गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा असेसमेंट उताराही स्वतंत्रपणे बदलून घ्यावा लागतो.

तीन महिने उलटून गेले म्हणून हक्क जात नाही. पण कोकणात तीन-तीन पिढ्यांच्या नोंदी राहून गेलेल्या असतात. एका सातबाऱ्यावर चाळीस नावे, त्यांतली निम्मी मयत, काही बोरिवलीत, काही ठाण्यात, काहींचा पत्ताच नाही. अशा वेळी शेवटच्या पिढीची थेट नोंद करण्याचा मोह टाळावा. प्रत्येक मयताचा वारस-क्रम लावत पुढे यावे लागते आणि त्यासाठी जुन्या मृत्यूच्या नोंदी शोधणे हे खरे कष्टाचे काम असते.

फेरफार माझ्या एकट्याच्या नावे मंजूर झाला. आता मी एकटा मालक झालो का?

झाला नाहीत. महसुली नोंद ही सारा कुणाकडून घ्यायचा यासाठी ठेवलेली नोंद आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार ती खरी असल्याचे गृहीत धरले जाते, पण विरुद्ध पुरावा देऊन ते गृहीतक खोडता येते, आणि फेरफारामुळे मालकी निर्माण होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे. हक्क येतो तो नोंदणीकृत दस्तातून, मृत्युपत्रातून किंवा वारसा कायद्यातून. भावाने बहिणींची नावे वगळून फेरफार करून घेतला, तर बहिणी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करू शकतात आणि दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावाही लावू शकतात.

बहिणीने ‘मला काही नको’ असा जबाब तलाठी कार्यालयात दिला आहे. तेवढे पुरेसे आहे का?

नाही, आणि आमच्याकडे येणाऱ्या वादांपैकी फार मोठा भाग या एका गैरसमजातून आलेला असतो. स्थावर मालमत्तेतील हक्क सोडण्याचा दस्त नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ नुसार नोंदणीकृतच असावा लागतो. त्याला आपण हक्कसोडपत्र म्हणतो. वडिलोपार्जित मिळकतीतील हक्क जवळच्या नातेवाइकाच्या लाभात सोडल्यास महाराष्ट्रात नाममात्र मुद्रांक शुल्क लागते, त्यामुळे पैसे वाचवण्यासाठी जबाबावर भागवण्याचे कारणच उरत नाही. कुटुंबात आधीच तोंडी वाटणी झाली असेल आणि नंतर केवळ तिची आठवण म्हणून लेख केला असेल, तर न्यायालये त्याचा विचार करतात. परंतु तोंडी वाटणी खरोखर झाली होती हे सिद्ध करण्याचा भार मग तुमच्यावर येतो.

मुलींच्या हक्काबद्दल आणखी एक खुलासा करणे आवश्यक आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना सहदायक, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्माने हक्क असलेले वाटेकरी, केले, पण त्यात २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद संपवला, आणि विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुलीचा हक्क जन्माने येतो, त्यामुळे २००५ मध्ये वडील हयात असणे आवश्यक नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर पूर्ण झालेल्या वाटण्या मात्र या दुरुस्तीने उघडल्या जात नाहीत. ‘लग्नात खर्च केला होता’ हा युक्तिवाद यांपैकी कुठेही बसत नाही.

घर मुलाला द्यायचे आहे. बक्षीसपत्र करू की मृत्युपत्र?

बक्षीसपत्राने मालकी आजच जाते, मृत्युपत्राने ती मृत्यूनंतर जाते. बक्षीसपत्राची नोंदणी सक्तीची आहे, त्यावर दोन साक्षीदार लागतात आणि देणाऱ्याच्या हयातीतच घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते. महाराष्ट्रात निवासी किंवा शेतीची मिळकत पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे; त्याशिवाय स्थानिक संस्थांचा अधिभार लागू आहे का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्यावे. भावाला किंवा पुतण्याला दिल्यास ही सवलत मिळत नाही.

आमचे मत विचाराल तर, राहते आणि एकमेव घर हयातीत बक्षीस देऊ नये. द्यायचेच असेल तर देणाऱ्याची देखभाल घेणारा करील आणि त्याला त्या घरात मरेपर्यंत राहण्याचा हक्क राहील, ही अट दस्तातच लिहावी. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ नुसार अशी अट मोडल्यास न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. अट फक्त मनात असेल आणि कागदावर नसेल, तर हा आधार डळमळीत होतो. मृत्युपत्र मात्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येते.

वैध मृत्युपत्रासाठी काय लागते?

महाराष्ट्रात फार थोडे लागते. करणारा सज्ञान आणि शुद्धीवर असावा. त्याने सही किंवा अंगठा करावा. आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याची सही पाहून, त्याच्या समक्ष सह्या कराव्यात. साधा कागद चालतो, मराठी चालते, मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. तरीही नोंदणी करावी असा आमचा सल्ला असतो, कारण मूळ प्रत हरवली तरी नोंदणीकृत प्रत मिळते आणि सही त्याच व्यक्तीची आहे का, हा वाद बराच आवरतो. नोंदणी झाल्यामुळे मृत्युपत्र वादातीत होते असे मात्र नाही, आणि नोंदणीकृत मृत्युपत्र नंतरच्या बिननोंदणीच्या मृत्युपत्रानेही रद्द होऊ शकते. मजकूर कुणालाही कळू नये असे वाटत असेल तर मोहोरबंद पाकिटात ते जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते.

साक्षीदार निवडताना लोक वयस्कर आणि प्रतिष्ठित माणसे शोधतात, आणि मृत्युपत्र वापरायची वेळ येते तेव्हा साक्षीदारही वारलेले असतात. न्यायालयात मृत्युपत्र सिद्ध करायला किमान एक साक्षीदार हजर करावा लागतो. म्हणून साक्षीदार वयाने लहान, गावातच राहणारे आणि ज्यांना मृत्युपत्रातून काहीच मिळत नाही असे असावेत. करणाऱ्याचे वय जास्त असेल किंवा आजारपण असेल तर त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडावे. मिळकतीचे वर्णन गट क्रमांक, हिस्सा क्रमांक आणि क्षेत्रासह लिहावे. ‘खालचा मळा’ आणि ‘वरचे भरड’ घरच्यांना कळते, न्यायालयाला कळत नाही. जे लिहायचे राहून गेले त्याचे काय करायचे, याचेही एक वाक्य असावे, आणि मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमावा.

मुस्लिम व्यक्तीला, अंत्यविधी व कर्जे भागवून उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने विल्हेवाट लावता येते. त्याहून अधिकासाठी वारसांची संमती लागते. एकत्र कुटुंबातील अविभक्त हिश्श्याचे मृत्युपत्र हिंदू व्यक्ती करू शकते, पण फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरते.

मृत्युपत्रासाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, घ्यावेच लागते का?

सिंधुदुर्गात केलेल्या आणि सिंधुदुर्गातील मिळकतीपुरत्याच असलेल्या हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्राला प्रोबेट कधीच सक्तीचे नव्हते. सक्ती होती ती मुंबई, कोलकाता आणि चेन्नई येथील मृत्युपत्रांना व तेथील स्थावर मिळकतींना, भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१३ मुळे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व दुरुस्ती कायद्याने हे कलमच वगळले. प्रोबेट घेण्याची सोय कायम आहे, आणि वारसांमध्ये वाद असेल, मुंबईतील मोठी मालमत्ता असेल किंवा एखादी संस्था न्यायालयाचा आदेश मागत असेल, तर ते घेण्यात शहाणपण आहे.

फ्लॅटला मी नॉमिनी आहे. मग फ्लॅट माझा झाला ना?

नॉमिनी हा मालमत्ता ताब्यात घेऊन खऱ्या वारसांसाठी सांभाळणारा असतो. गृहनिर्माण संस्थांबाबत महाराष्ट्राने २०१९ मध्ये सहकार कायद्यात केलेल्या दुरुस्तीनंतर संस्था मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा वारसांमधील कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त पाहून भाग हस्तांतरित करते, आणि तोपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेता येते. कंपनीच्या शेअरबाबतही नॉमिनी मालक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. बँक ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. सोय वाढली, तत्त्व तेच राहिले.

बँक एक प्रमाणपत्र मागते, तलाठी दुसरे. नेमके कोणते काढायचे?

उत्तराधिकार प्रमाणपत्र १९२५ च्या कायद्याखाली मिळते आणि ते बँक ठेवी, शेअर, येणी अशा जंगम मालमत्तेसाठी असते. वारस प्रमाणपत्र महाराष्ट्रात दिवाणी न्यायालय १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली देते. जमीन, घर आणि सदनिकेच्या नोंदींसाठी ते उपयोगी पडते. तहसील कार्यालयातून निवृत्तिवेतनासारख्या कामांसाठी मिळणारा वारस दाखला वेगळा, आणि तो न्यायालयीन प्रमाणपत्राची जागा घेत नाही. नामनिर्देशन असेल किंवा रक्कम लहान असेल तर बँका हमीपत्रावर पैसे देतात, म्हणून न्यायालयात जाण्यापूर्वी बँकेकडून त्यांची मागणी लेखी घ्यावी.

गोव्यात लग्न झाले की बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत अर्धा वाटा मिळतो, हे खरे आहे का?

गोव्याचा कायदा लागू असलेल्या जोडप्याने लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर हे खरे आहे, आणि उलट बाजूनेही तितकेच खरे आहे. याला मालमत्तेची सर्वसाधारण समाईकी म्हणतात. लग्नाआधीची आणि नंतरची, मिळवलेली आणि वारशाने आलेली, अशी जवळजवळ सर्व मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी होते. दान किंवा मृत्युपत्र करणाऱ्याने ‘ही समाईकीत जाऊ नये’ अशी अट घातलेली मालमत्ता वगैरे थोडे अपवाद आहेत. कर्जांचाही हिशेब या समाईकीच्या चौकटीत होतो, हे विसरले जाते. स्थावर मिळकत विकायची तर दोघांच्याही सह्या लागतात. प्राप्तिकर कायद्यातही याची दखल आहे: अशा पती-पत्नींचे पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत समान विभागून करासाठी धरले जाते.

केवळ समुद्रकिनाऱ्यावर हॉल घेऊन लग्न लावले म्हणून पुणेकर जोडप्याला हा कायदा चिकटत नाही; मूळ प्रश्न अधिवासाचा असतो. एक बाजू गोव्याची आणि दुसरी महाराष्ट्राची असेल तेव्हा मात्र लग्नाची नोंद करण्याआधी सल्ला घ्यावा, नंतर नव्हे.

मग विवाहपूर्व करार कसा आणि केव्हा करायचा?

गोव्यात लग्नाची नागरी नोंदणी टप्प्याने होते. आधी दोघे नागरी निबंधकासमोर लग्नाच्या इराद्याचे निवेदन करतात, हरकतींसाठी मुदत जाते आणि त्यानंतर लग्नाच्या नोंदीवर सह्या होतात. विवाहपूर्व करार या अंतिम नोंदीच्या आधी, सार्वजनिक दस्ताच्या स्वरूपात व्हावा लागतो. घरी स्टॅम्प पेपरवर लिहून ठेवलेल्या कागदाला किंमत नाही. करारात पूर्ण विभक्त मालमत्ता, फक्त लग्नानंतर मिळवलेल्या मालमत्तेची समाईकी, किंवा हुंडापद्धत या नावाने ओळखली जाणारी जुनी व्यवस्था निवडता येते. शेवटची आता व्यवहारात जवळपास दिसत नाही.

सर्वांत महत्त्वाची बाब ही की लग्नानंतर हा करार बदलता येत नाही आणि रद्दही करता येत नाही. करार न केल्यास सर्वसाधारण समाईकी आपोआप लागू होते आणि तीही पुढे बदलता येत नाही. लग्नाच्या धामधुमीत, मुहूर्ताच्या आधीच्या आठवड्यात वर किंवा वधूकडचे कुणी तयार मसुदा घेऊन सहीला येतात, अशी प्रकरणे आम्ही पाहिली आहेत. ज्याच्यावर आयुष्यभराचा हिशेब ठरणार, तो कागद प्रत्येक बाजूने आपापल्या वकिलाला दाखवावा. यात अविश्वास वगैरे काही नाही; धंद्यात कर्ज असलेल्या नवऱ्यापासून बायकोचे घर वाचवायला विभक्त मालमत्तेचा करार उपयोगी पडतो, तसाच घर सांभाळण्यात आयुष्य घालवणाऱ्या बाईच्या हातून तो अर्धा वाटा काढूनही घेतो.

महाराष्ट्रातील जोडप्याला असा करार करता येईल का?

करता येतो, पण तो अमलात येईलच अशी खात्री देता येत नाही. हिंदू विवाह कायद्यात अशा कराराची तरतूद नाही, आणि घटस्फोट गृहीत धरणारी किंवा पोटगीचा हक्क आधीच सोडायला लावणारी कलमे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३ खाली सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरण्याचा धोका असतो. मुस्लिम विवाहात निकाहनामा हाच करार असतो आणि त्यातील मेहर व वैध अटी अमलात आणता येतात. इतरांनी कराराच्या मागे लागण्यापेक्षा स्त्रीधनाची सही केलेली यादी, घराच्या खरेदीखतात दोघांचे नेमके हिस्से आणि दोघांची स्वतंत्र मृत्युपत्रे यांवर खर्च करावा. हे तिन्ही कागद न्यायालयात टिकतात.

गोव्यातील व्यक्ती सगळी मालमत्ता एकाच मुलाला मृत्युपत्राने देऊ शकते का?

मुले असतील तर नाही. समाईकीतील अर्धा वाटा जोडीदाराचा असतो, त्यावर मयताचा हक्कच नसतो. उरलेल्या अर्ध्यापैकी निम्मा भाग मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी राखीव असतो आणि फक्त निम्म्याचीच मृत्युपत्राने इच्छेप्रमाणे विल्हेवाट लावता येते. चार लाखांची समाईक मालमत्ता धरली तर दोन लाख जोडीदाराचे, एक लाख मुलांचे राखीव आणि एक लाख मर्जीचे, असा हिशेब होतो. कायद्याने ठरवून दिलेली कारणे असल्याशिवाय मुलाला वारशातून वगळता येत नाही. मृत्युपत्राची पद्धतही वेगळी आहे: ते विशेष नोटरीसमोर करावे लागते, त्यामुळे सावंतवाडीत चालणारे दोन साक्षीदारांचे साध्या कागदावरचे मृत्युपत्र गोवेकराने गोव्यात करून ठेवू नये.

इन्व्हेंटरी म्हणजे काय, आणि ती टाळता येते का?

मयताच्या मालमत्तेची यादी, मूल्यांकन, देणी आणि वाटप असा सगळा हिशेब दिवाणी न्यायालयाच्या देखरेखीखाली पूर्ण करण्याची ही गोव्याची कार्यवाही आहे. न्यायालय एका व्यक्तीकडे प्रमुखाची जबाबदारी देते; जुन्या पिढीतील लोक तिला ‘कबेसा द काझाल’ म्हणतात. ती व्यक्ती वारसांची व मालमत्तेची यादी देते, हरकती ऐकल्या जातात, आणि वस्तूंची वाटणी जमत नसेल तर वारसांमध्येच बोली लागते. अधिक बोली लावणारा ती मिळकत घेतो आणि आपल्या हिश्श्यापेक्षा जास्त झालेली रक्कम इतरांना देतो. घराचे चार तुकडे करण्यापेक्षा ही पद्धत आम्हाला अधिक समंजस वाटते, आणि महाराष्ट्रातील वाटणीच्या दाव्यांत वर्षानुवर्षे अडकलेल्यांना तिचा हेवा वाटला तर नवल नाही. सर्व वारस सज्ञान आणि एकमताचे असतील तर विशेष नोटरीसमोर वारसांच्या घोषणेचा दस्त आणि त्यानंतर वाटणीचा दस्त करून काम होऊ शकते.

आम्ही महाराष्ट्रातले, गोव्यात जुने घर विकत घेत आहोत. काय तपासावे?

एक-चौदाचा उतारा सातबाऱ्यासारखा दिसतो, पण त्यावरचे एक नाव पाहून व्यवहार करू नये. विक्रेता विवाहित असेल तर जोडीदाराची सही हवीच. मिळकत वारशाने आली असेल तर इन्व्हेंटरीचा अंतिम आदेश किंवा वारसांच्या घोषणेचा दस्त मागावा, आणि त्यातील प्रत्येक विवाहित वारसाचा जोडीदारही दस्तात आहे ना, ते पाहावे. पोर्तुगीजकालीन भूनोंदणीतील वर्णन आणि नोंद क्रमांक आजच्या सर्वेक्षण क्रमांकाशी जुळतात का, हे स्थानिक वकिलाकडून तपासून घ्यावे. कुळांचे व मुंडकारांचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचे) हक्क हा स्वतंत्र शोध आहे.

मी दुबईत असतो. येऊन सही करणे शक्य नाही.

विश्वासातील व्यक्तीला विशिष्ट कामापुरते कुलमुखत्यारपत्र द्यावे. ते तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून भारतात पाठवावे, आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. मुंबईतल्या चाकरमान्याला एवढे करावे लागत नाही. त्याने नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र द्यावे. देणारा वारला की ते संपते, आणि केवळ कुलमुखत्यारपत्राने जमिनीची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठामपणे सांगितले आहे. अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारशाने घेता येते. विकत घेता येत नाही.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठराविक मर्यादेखालील उत्पन्न असलेले यांना मोफत वकील मिळतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा लागतो, आणि १५१०० या क्रमांकावरून माहिती मिळते.

पहिल्या भेटीला काय आणावे?

मृत्यूचा दाखला, हाताने काढलेली वंशावळ, चालू सातबारा किंवा एक-चौदाचा उतारा, सापडतील तेवढे जुने फेरफार, खरेदीखत व सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), मृत्युपत्र असल्यास त्याची छायाप्रत, आणि गोव्याशी संबंध असल्यास लग्नाच्या नोंदीचा उतारा. मूळ मृत्युपत्र पहिल्या भेटीला आणू नये आणि त्याला टाचणी, स्टेपल किंवा लॅमिनेशन करू नये. वंशावळीत वारलेल्या मुली, दुसरी लग्ने आणि दत्तक गेलेली मुलेही लिहावीत. लिहायला संकोच वाटणारी नावेच पुढे हरकतदार म्हणून उभी राहतात.